पोपचा अधिकार: रोमचा कागद आणि इथलं कोर्ट

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पोप म्हणजे ख्रिश्चनांचे शंकराचार्य का? एखाद्या पंतप्रधानापेक्षा किंवा राजापेक्षा त्यांचा अधिकार मोठा का? आणि पोपनी एकदा सांगितलं की जगातल्या सगळ्या ख्रिश्चनांना ते ऐकावंच लागतं का? तिसऱ्याचं उत्तर लगेच देतो: नाही. पहिल्या दोघांना वेळ लागेल, कारण 'अधिकार' हा एकच शब्द आपण तीन-चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो.

मी वसईचा. गेली तीसेक वर्षं चर्चच्या विवाह न्यायालयात, आमच्या बोलण्यात 'ट्रायब्युनल'मध्ये, कॅनन लॉचं म्हणजे चर्चच्या कायद्याचं काम करतोय. त्यामुळे पोप मला बाल्कनीत हात हलवताना कमी आणि फाइलींत जास्त दिसतात. सुरुवात एका फाइलीनंच करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

आमच्या पट्ट्यातल्या एका मुलीचं लग्न थाटामाटात झालं. बाराव्या दिवशी नवरा बोटीवर कामाला गेला, तो तिच्याकडे परत आलाच नाही. आणि त्या बारा दिवसांत दोघांत नवराबायकोचा संबंध आलेलाच नव्हता. चर्चच्या कायद्यात अशा लग्नाला वेगळी वाट आहे. लग्न विधिवत लागलंय पण शरीरसंबंध आलेला नाही, असं पुराव्यानं दाखवता आलं आणि कारण रास्त असलं, तर पोप ते लग्न मोडू शकतात. फक्त पोप. बिशपांना (धर्मप्रांताच्या प्रमुखांना), कार्डिनलांना (पोपना निवडणाऱ्या ज्येष्ठ धर्मगुरूंना), आमच्या न्यायालयाला तो अधिकार नाही. मुख्य साक्षीदार होती मुलीची मावशी. बाई सत्तरीच्या पुढची, कादोडीखेरीज, म्हणजे आमच्या वसईच्या बोलीखेरीज, दुसरं काही बोलायला तयार नाही. नोटरीनं तिचं म्हणणं मराठीत उतरवलं, मी ते इंग्रजीत नेलं. 'खोलीतला दिवा रातभर जळत असायचा' हे एक वाक्य मी तीनदा खोडून लिहिल्याचं आठवतंय, कारण मावशीला त्यातून जे सांगायचं होतं ते इंग्रजीत येईचना. मग बिशपांनी आपलं मत जोडलं आणि गठ्ठा रोमला गेला. वर्ष सरलं. परत आला तो एक कागद.

तो हातात घेऊन तिनं विचारलं, "सर, आता मी सुटले ना?"

चर्चमध्ये ती सुटली होती. सरकारी दप्तरात अजून त्याची बायकोच होती. भारतात ख्रिश्चनांच्या घटस्फोटाला १८६९ चा कायदा लागतो, आणि चर्चच्या न्यायालयाचा निवाडा म्हणजे दिवाणी घटस्फोट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात सांगितलंय. २०१७ मध्ये क्लॅरेन्स पैस यांनी चर्चच्या निवाड्याला मान्यता मिळावी म्हणून केलेली याचिकाही त्यानं फेटाळली. म्हणजे तिला पुन्हा वकील, पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. ज्याच्यावर जगात कुठंही अपील चालत नाही असा कागद पिशवीत ठेवून ती मुलगी पुढं किती तरी दिवस कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून होती.

पोपच्या अधिकाराची मला जी काही समज आहे ती त्या बाकाजवळची आहे. वर कोणी नाही, आणि हातात शिपाईही नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि तुलना करताना लोक त्यांतली एकच धरतात.

आधी 'वर कोणी नाही' हे बघू. कॅनन लॉचा आजचा संग्रह १९८३ चा, कलमं १,७५२. कलम ३३१ सांगतं की रोमच्या बिशपला, म्हणजे पोपना, चर्चमध्ये सर्वोच्च, पूर्ण, थेट आणि सार्वत्रिक अधिकार आहे आणि तो तो केव्हाही मोकळेपणानं वापरू शकतो. यातला 'थेट' हा शब्द मला सगळ्यात वजनदार वाटतो. मधे कुणाला विचारायला नको. कायद्यानं बघितलं तर पोप वसईतल्या एखाद्या धर्मग्रामाच्या फादरची बदली रोममध्ये बसून करू शकतात. करत नाहीत, हा भाग वेगळा. कलम ३३३ प्रमाणे पोपच्या निर्णयावर अपील नाही. कलम १४०४ एका ओळीचं आहे: पहिल्या पीठाचा, म्हणजे पोपचा, न्याय कोणी करत नाही.

आपल्या पंतप्रधानाच्या शेजारी हे ठेवून बघा. त्याला लोकसभा घालवू शकते. संसदेनं केलेला कायदा कोर्ट रद्द करतं. एवढंच काय, संसदेला घटनादुरुस्तीसुद्धा वाटेल तशी करता येत नाही, हे १९७३ च्या केशवानंद भारती निकालानं सांगितलं, तेरा न्यायाधीशांत सात विरुद्ध सहा. (तो खटला एका मठाधिपतींनी लढवला होता, याची मला दर वेळी गंमत वाटते.) पोपच्या बाबतीत असलं काहीच नाही. ऐंशीच्या आतले कार्डिनल दोन तृतीयांश मतांनी त्यांना निवडतात, पण निवडून आलेल्या बिशपनं 'स्वीकारतो' म्हटलं की त्या क्षणी सगळा अधिकार त्याचा, आणि ज्यांनी निवडलं त्यांना तो काढून घेता येत नाही. अविश्वास ठराव नाही, मुदत नाही. राजीनामा देता येतो आणि तो कुणी मंजूर करावा लागत नाही. बेनेडिक्ट सोळावे यांनी तो ११ फेब्रुवारी २०१३ ला वाचून दाखवला आणि २८ तारखेला रात्री आठला पद रिकामं झालं. बस्स, संपलं.

हा अधिकार प्रत्यक्ष कसा चालतो ते मी २०१५ मध्ये माझ्या टेबलावर बघितलं. लग्न मुळातच अवैध होतं असं ठरवायच्या खटल्यांत तोवर नियम होता की एका न्यायालयाचा निकाल पुरत नाही, दुसऱ्यानं तोच कौल द्यायला हवा. हा नियम पोप बेनेडिक्ट चौदावे यांचा, १७४१ चा. म्हणजे पेशव्यांच्या अमदानीतला. पक्षकार कंटाळून जायचे, काही जण मधेच सोडून रजिस्टर लग्न करायचे आणि चर्चला दुरावायचे. १५ ऑगस्ट २०१५ ची तारीख टाकून पोप फ्रान्सिस यांनी एक आदेश काढला, ८ डिसेंबरपासून तो लागू झाला, आणि पावणेतीनशे वर्षांचा नियम गेला. कोणत्याही सभागृहात मतदान नाही, कुठल्या देशाच्या बिशपांची परवानगी नाही. आमच्या कपाटात दुसऱ्या निकालासाठी बांधून ठेवलेल्या फाइलींच्या नाड्या आम्ही सोडल्या. जगातला कुठला पंतप्रधान एका सहीनं शंभरावर देशांतल्या न्यायालयांची कार्यपद्धती बदलू शकतो?

मग सगळंच करता येतं का? नाही. घटनेला जशी मूळ चौकट आहे तशी चर्चमध्येही आहे, तिला ईश्वरी कायदा म्हणतात, आणि ती पोपच्या वर आहे. कलम ११४१ म्हणतं की दोन ख्रिस्ती माणसांचं विधिवत लागलेलं आणि शरीरसंबंधानं पूर्ण झालेलं लग्न कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही. 'कोणतीही'मध्ये पोपही आले. त्या मुलीच्या बारा दिवसांत एक रात्र वेगळी गेली असती तर रोमहून तो कागद येऊच शकला नसता. नेपोलियननं आपल्या धाकट्या भावाचं अमेरिकन बायकोशी झालेलं लग्न रद्द करून मागितलं, तेव्हा १८०५ मध्ये पोप पायस सातवे यांनी ते आपल्या अधिकारात नाही असंच कळवलं. १९९४ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याबद्दल लिहिलं, तेही 'मी देणार नाही' असं लिहिलं नाही. चर्चला तसा अधिकारच नाही असं लिहिलं. पटो न पटो, पण सर्वोच्च अधिकारी आपल्याला अधिकार नसल्याचं अधिकारवाणीनं सांगतो, ही आमच्या कायद्यातली एक खास जागा आहे.

फरक एवढाच की ही चौकट मोडली का, ते तपासायला बाहेरचं कोर्ट नाही. इथं चर्चचं शास्त्र आणि राज्यघटना यांची तुलना लंगडी पडते, ते मी मान्य करतो.

'पोप कधी चुकत नाहीत' या समजाबद्दल फार लिहीत नाही. हा सिद्धांत पहिल्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, १८ जुलै १८७० ला ५३३ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला, आणि त्याच्या अटी इतक्या कडक आहेत की त्यानंतर तो उघडपणे एकदाच वापरला गेला: १ नोव्हेंबर १९५०, पायस बारावे, पवित्र मरियेचं सदेह स्वर्गात जाणं. १५ ऑगस्टला आमच्याकडे झेंडावंदन आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) एकाच सकाळी असतात ती याच सणाची. विमानात पत्रकारांना दिलेली उत्तरं, हवामानावरचं पत्र, नेमणुका यांतलं काहीही त्या सिद्धांतात बसत नाही.

आता शंकराचार्य. तुलना करायचीच तर पुण्याच्या पंचहौद मिशनमधला चहा घ्या. १८९० मध्ये रानडे, टिळक आणि बरीच मंडळी तिथं जमली, चहा-बिस्किटं पुढं आली, नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांकडे गेलं, त्यांनी चौकशीसाठी माणसं नेमली, प्रायश्चित्तं झाली. टिळकांनी आपलं काशीत घेतल्याचं सांगितलं. वरवर हे रोमसारखंच दिसतं: पीठ, तक्रार, चौकशी, शिक्षा. पण त्या निवाड्याला धार आली ती कुठून? भटजी घरी यायचं नाकारतात, मुलीचं लग्न अडतं, पंगतीत पान मांडलं जात नाही, तिथून. अंमलबजावणी जातीची होती. पीठाचा स्वतःचा असा पदानुक्रम गावापर्यंत नव्हता. शिवाय पीठं चार, आणि आपल्याकडे संकेश्वर-करवीरसारखी आणखी. एकाचा शब्द दुसऱ्यावर चालतो असं नाही. ज्योतिर्मठाच्या गादीवर कोण, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसला. आणि कोल्हापुरात पुरोहितांनी राजाचे विधी वेदमंत्रांनी करायला नकार दिला, त्या वेदोक्त प्रकरणानंतर शाहू महाराजांनी काय केलं? १९२० मध्ये मौनी महाराजांच्या पाटगावच्या पीठावर सदाशिवराव पाटील बेनाडीकरांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवलं. राजानं नवा जगद्गुरू केला आणि तो झाला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं १५३४ मध्ये रोमशी फारकत घेऊन जे केलं त्याची आठवण होते, फक्त कारणं शाहू महाराजांची चांगली होती.

म्हणून माझं उत्तर: शंकराचार्यांचं वजन परंपरेचं आणि विद्वत्तेचं, ते मानणाऱ्यापुरतं. पोपचं पद हे पक्कं कायद्यातलं पद आहे, खाली बिशप, त्याखाली फादर, प्रत्येकाची नेमणूक लेखी. व्यक्ती साधी असली तरी पद तेवढंच चालतं.

रचनेनं पोपच्या जवळ जाणारं नेतृत्व हवं असेल तर लांब जायला नको, मुंबईत दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना आहेत, त्यांच्या पदाला दाई म्हणतात. दाई अनुयायांकडून निष्ठेची शपथ घेतात आणि समाजाबाहेर काढू शकतात. १९४९ मध्ये मुंबई सरकारनं बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धर्मस्वातंत्र्याचं कारण देऊन रद्द केला. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो जातपंचायती डोळ्यांसमोर ठेवून. दाईंकडे एक अधिकार असा आहे जो पोपकडे नाही: ते वारस स्वतः नेमतात. त्रेपन्नावे दाई कोण यावर दहा वर्षं चाललेल्या खटल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये दिला, आणि सगळा वाद हाच होता की आधीच्या दाईंनी नेमलं कोणाला. पोपना वारस सांगायची सोय आमच्या कायद्यात नाही. ते फार तर निवडणुकीचे नियम बदलतात आणि कार्डिनल नेमून ठेवतात. आणि बहिष्काराचं म्हणाल तर १९८३ च्या संग्रहात बहिष्कृत माणसाला कम्युनियनसकट (मिस्सेतल्या पवित्र भाकरीसकट) चर्चचे संस्कार मिळत नाहीत, चर्चचं पद मिळत नाही. १९१७ च्या जुन्या संग्रहात काही बहिष्कृतांशी संबंधच टाळावेत असा वर्ग होता, तो गेला. वाळीत टाकणं आता आमच्या कायद्यात नाही. गावाच्या डोक्यातून ते गेलं का, ते गावाला विचारा.

दलाई लामांचं नाव या चर्चेत हमखास निघतं. त्यांच्याच गेलुग पंथाचे औपचारिक प्रमुख गांदेन त्रिपा म्हणून वेगळे असतात, आणि राजकीय अधिकार दलाई लामांनी २०११ मध्ये निवडून आलेल्या नेतृत्वाकडे सोपवले. तिबेटी माणसाच्या मनातली त्यांची जागा कोणत्याही कलमात मावणारी नाही, म्हणून तुलना इथंच थांबवतो.

ख्रिश्चनांमधलं सांगितलं पाहिजे, कारण मराठी वाचकाची गफलत बहुधा इथं होते. रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी, ही जी मराठी ख्रिस्ती नावं शाळेपासून कानावर असतात, त्यांतलं एकही पोपच्या अमलाखालचं नव्हतं. टिळक अमेरिकन मिशनचे, रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि त्याही चर्चच्या अधिकाराबद्दल त्या आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून भांडत राहिल्या. नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच चर्चेसना पोप म्हणजे दुसऱ्याच्या घरचा वडीलधारा. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा प्रमुख मॉडरेटर असतो, तो सिनॉड, म्हणजे चर्चची सभा, निवडते आणि मुदत संपली की तो उतरतो. कँटरबरीचे आर्चबिशप अँग्लिकन जगात मानानं पहिले, पण इंग्लंडबाहेरच्या चर्चला हुकूम सोडू शकत नाहीत; आणि इंग्लंडमध्ये त्यांच्या वर राजा. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क समानांमधले पहिले. युक्रेनच्या चर्चला स्वायत्तता द्यायचं त्यांनी ठरवलं तेव्हा २०१८ मध्ये मॉस्कोनं त्यांच्याशी संबंधच तोडले. यांपैकी कुणाकडेच 'थेट' हा शब्द नाही.

आणि आता तो 'थेट' शब्द वसईपर्यंत पोचायला किती वर्षं लागली ते सांगतो. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे आली. पोपनी पोर्तुगालच्या राजाला सवलत दिली होती: नव्या मुलखात चर्च बांधा, मिशनऱ्यांचा खर्च उचला, आणि बदल्यात बिशप कोण ते तुम्ही सुचवा. याला पाद्रोआदो म्हणतात. सुचवायचं म्हणजे व्यवहारात नेमायचंच. हातातून काय गेलं ते रोमला उशिरा कळलं. १६२२ मध्ये पोपनी प्रोपगांडा फिदे हे स्वतःचं मिशन खातं उघडलं आणि १६३७ मध्ये गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या, ब्राह्मण कुळातल्या मातेउश द कास्त्रु या धर्मगुरूला बिशप करून आदिलशाही मुलखासाठी पाठवलं. गोव्यातल्या पोर्तुगीज चर्चनं त्यांना मानलं नाही. पोपनी केलेला बिशप, पण गोव्यात त्याला दार बंद.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. राज्य पेशव्यांचं झालं, फादर मात्र गोव्याच्या आर्चबिशपांचेच राहिले. तिकडे मुंबईत इंग्रजांनी १७२० मध्येच पोर्तुगीज पाद्र्यांना काढून पोपच्या थेट प्रतिनिधीला आणलं होतं, आणि १७९४ मध्ये कंपनीनं मुंबईतली चर्चेस दोन्ही पक्षांत वाटून दिली. प्रॉटेस्टंट व्यापारी कंपनी कॅथलिक चर्चेसची वाटणी करतेय आणि दोन्हीकडचे पाद्री ती मान्य करतायत! १८३८ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी कोचीन, क्रांगानोर आणि मैलापूर इथला पाद्रोआदोचा अंमल संपवला, तेव्हा गोव्यानं सरळ सांगितलं की राजाच्या मंजुरीशिवाय आलेला आदेश आमच्यासाठी आदेशच नाही. 'अपील नाही' म्हणणाऱ्या सत्तेला हे उत्तर, आणि तेही तिच्याच बिशपांच्या दरबारातून. मुंबईत 'पाद्रोआदोवाले' आणि 'प्रोपगांडावाले' असे दोन तट पडले, त्या भांडणात भाऊबंदकी आणि जमीनजुमलाही आला.

१८८६ च्या करारानं वसई दमणच्या बिशपांकडे गेली. १९१० मध्ये पोर्तुगालमधला राजाच गेला, तरी हक्क राहिला. १९२८ मध्ये दमणचा धर्मप्रांत मोडून वसई मुंबईला जोडली, आणि मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश अशी पाळी ठरली. १९५० मध्ये पोर्तुगालनं हक्क सोडला. त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ चा.

माझ्या आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधायला एकदा जुनं रजिस्टर काढलं. कसर लागलेलं पान, नोंद पोर्तुगीजमध्ये, राज्य इंग्रजांचं, बिशप दमणचे, आणि घरात बोलणं कादोडी. पोप कुठं होते त्या पानावर? तात्त्विकदृष्ट्या सगळीकडे.

आज भारतात बिशप नेमताना सरकारला विचारावं लागत नाही. दिल्लीतले पोपचे राजदूत गुपचूप प्रश्नावली पाठवतात, तीन नावं रोमला जातात, पोप निवडतात. (मला अशी प्रश्नावली कधी आली का, ते सांगायला बंदी आहे.) चीनमध्ये मात्र जुनाच प्रश्न नव्या कपड्यांत उभा आहे. २०१८ च्या करारापासून बिशपांच्या निवडीत सरकारचा हात आहे, आणि तो करार पुन्हा पुन्हा वाढवलाय. लिस्बनच्या जागी बीजिंग.

आणि नेमलेले बिशप ऐकतातच का? लोकांना वाटतं बिशप म्हणजे पोपचा कलेक्टर. तसं नाही, बिशपला स्वतःचा अधिकार दीक्षेनं येतो, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. आमच्या फादरांचा पगार व्हॅटिकनहून येतो हाही एक लाडका गैरसमज. तो इथल्या धर्मप्रांतातून, लोकांच्या पैशांतून भागतो. पैसा आणि शिपाई दोन्ही हातात नसले की हुकूम कसा चालतो याचं अलीकडचं उदाहरण केरळातल्या एर्नाकुलमचं. पोपना मानणाऱ्या तिथल्या सिरो-मलबार चर्चच्या सिनॉडनं मिस्सेच्या मधल्या भागात धर्मगुरूनं लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करावं असा एकच नियम २०२१ मध्ये लावला. एर्नाकुलमच्या बहुसंख्य फादरांनी नकार दिला, कॅथीड्रल बंद पडलं. डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द पोप फ्रान्सिस यांनी व्हिडिओवरून, नाताळपर्यंत ऐका, असं सांगितलं. नाताळ आला नि गेला. पुढं रविवारी निदान एक मिस्सा नव्या रीतीनं, अशा तडजोडीवर गाडी सरकली. त्याच डिसेंबरात रोमनं समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली, आणि आफ्रिकेतल्या बिशपांनी आमच्याकडे हे होणार नाही असं एकत्र कळवलं. रोमनं ते चालवून घेतलं. आणि १९६८ मध्ये कुटुंबनियोजनाच्या कृत्रिम साधनांवर पोप सहावे पॉल यांनी घातलेल्या बंदीचं काय झालं, ते वसईतल्या घरांतली मुलं मोजली तरी कळतं. आमच्या आजोबांच्या पिढीत आठ-नऊ असायची.

राजा म्हणून पोप, हा राहिलेला मुद्दा. ४४ हेक्टरच्या व्हॅटिकन सिटीत कायदा करणं, राबवणं आणि न्याय देणं हे तिन्ही अधिकार पोपचेच आहेत. १९२९ च्या करारानं तो तुकडा मिळाला, मुख्यतः पोप कुणा राजाचे प्रजाजन राहू नयेत म्हणून. तिथं शिपाई आहेत, स्विस गार्ड, १३५ जण. पण तो अधिकार त्या भिंतींच्या आत संपतो. दिल्लीशी जे राजनैतिक संबंध १९४८ पासून आहेत ते पोपच्या पीठाशी आहेत, त्या ४४ हेक्टरांशी नाहीत. वकील मंडळीसुद्धा यात घोळ करतात.

मला जी गोष्ट अखेर पोपना इतरांपासून वेगळं करते असं वाटतं ती फाइलींच्या ढिगात कळते: किती गोष्टी त्यांच्याशिवाय चालतात, आणि किती थोड्या अडतात. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला गेले. त्या दिवसापासून मिस्सेतल्या प्रार्थनेत पोपचं नाव घ्यायचं ती जागा रिकामी; आमचे फादर सवयीनं 'फ्र' म्हणून थांबायचे आणि पुढं बिशपांचं नाव घ्यायचे. बाकी बाप्तिस्मे झाले, मे महिन्यातली लग्नं लागली, आमच्या न्यायालयात साक्षी चालू राहिल्या, रोममधली न्यायालयंही बंद पडली नाहीत. ८ मेच्या संध्याकाळी लिओ चौदावे निवडून आले. ते स्वतः कॅनन लॉचे डॉक्टर, प्रबंध त्यांच्या ऑगस्टिनियन संघातल्या स्थानिक मठप्रमुखाच्या भूमिकेवर, तेव्हा आमच्या कचेरीत पेढे अंमळ जास्तच वाटले गेले. त्या सतरा दिवसांत माझी एकच फाइल रोममध्ये अडून होती. तसलीच, मावशीच्या दिव्यासारख्या पुराव्याची. तिच्यावर ज्याचा होकार लागतो, तो माणूस तेवढे दिवस जगात नव्हता.